पाचशे ग्रॅमचं पाकीट आणि ४.८ टक्क्यांचा घोळ

यावेळी पत्रांमध्ये शीटवाल्यांचीच गर्दी आहे. कुणाकडे एक्सेल, कुणाकडे गूगल शीट्स, एकाकडे लिब्रेऑफिस, पण अडलंय सगळ्यांचं जवळपास त्याच दोन-तीन जागी. आधीच सांगून ठेवतो, फंक्शनची नावं इथे देवनागरीत छापलीत, शीटमध्ये अर्थात इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायची, आधी बरोबरचं चिन्ह द्यायचं आणि पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की खाली यादी उघडतेच, त्यातून निवडा.

प्रश्न : माझा घरगुती मसाल्याचा धंदा आहे, कांदा-लसूण मसाल्याची ५०० ग्रॅमची पाकिटं भरते. भरायचं मशीन घेतल्यावर १२ पाकिटं वजन केली, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करून : ५०३, ४९८, ५०६, ५०१, ४९५, ५०४, ५०९, ४९७, ५०२, ५००, ५०७, ५०२. भाच्याने एक्सेलमध्ये सरासरी ५०२ काढली आणि ५०० च्या खाली फक्त ४.८ टक्के पाकिटं जातील असं सांगितलं. पण माझ्या बारांत तीन पाकिटं कमी भरली आहेत, ते कसं? (कराड)

ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे, भाच्याला चहा द्या पण उत्तर परत मागा. बारांत तीन म्हणजे २५ टक्के. बारा पाकिटांवरून फार काही ठरत नाही हे खरं, पण ४.८ आणि २५ यांच्यात इतकं अंतर दिसलं की थांबून बघायचंच.

तुमचे आकडे मी ए१ ते ए१२ मध्ये टाकून बघितले. ॲव्हरेज ५०२ येतं, बरोबर. मग एसटीडेव्ह.एस लावलं तर ४.१६ येतं, म्हणजे एकेक पाकीट सरासरीपासून साधारण चारेक ग्रॅम इकडेतिकडे होतंय, यालाच स्टँडर्ड डेव्हिएशन किंवा एसडी म्हणतात. भाच्याने पुढे काय केलं असणार ते ४.८ वरूनच कळतं. त्याने ४.१६ ला १२ च्या वर्गमुळाने भागलं, १.२० आलं, आणि तेच नॉर्म.डिस्टमध्ये टाकलं (आकडे मधे जास्त, कडेला कमी असे घंटेच्या आकाराच्या डोंगरासारखे पसरलेत असं धरून, दिलेल्या आकड्याच्या खाली किती भाग येतो ते सांगणारं फंक्शन) : नॉर्म.डिस्ट(५००, ५०२, १.२, ट्रू). उत्तर ०.०४८. शीटने बिचाऱ्याने जे विचारलं त्याचं उत्तर दिलं, फक्त प्रश्न वेगळा विचारला गेला. ते १.२० म्हणजे बारा-बारा पाकिटांची सरासरी किती हलते त्याचं माप आहे. बारा पाकिटं एकत्र घेतली की जड आणि हलकी एकमेकांत जिरतात, म्हणून सरासरी कमी हलते. पण गिऱ्हाईक काय बारा पाकिटांची सरासरी घरी नेत नाही, एक पाकीट नेतं. तेव्हा इथे भागायचं नाही, ४.१६ तसंच ठेवायचं :

नॉर्म.डिस्ट(५००, ५०२, ४.१६, ट्रू) = ०.३१५

म्हणजे साडेएकतीस टक्के. आता तुमच्या बारांतल्या तीनशी हे जुळतं.

दोन गोष्टी जाताजाता. शेवटी ट्रूच्या जागी फॉल्स पडलं तर ०.०८५४ येतं आणि ते पण टक्केवारीसारखंच दिसतं, पण ती त्या घंटेसारख्या डोंगराची त्या ठिकाणची उंची आहे, पाकिटांचं प्रमाण नाही, तिचा तुम्हाला उपयोग शून्य. आणि ट्रू दिल्यावर जे येतं ते कायम डावीकडचं क्षेत्रफळ, त्या आकड्याच्या खालचं. वरचं हवं असेल तर १ मधून वजा करायचं, जसं ५१० च्या वर किती जातात? १ वजा नॉर्म.डिस्ट(५१०, ५०२, ४.१६, ट्रू), साधारण २.७ टक्के. मी अजूनही फॉर्म्युला टाकायच्या आधी पाठकोऱ्या कागदावर तो डोंगर काढतो आणि पाहिजे तो भाग पेन्सिलने भरतो, माझे दोन सहकारी याला हसायचे, आता त्यातला एक स्वतः काढतो.

आता धंद्याचं बोलू. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत साधारण असं आहे की सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जायला नको, आणि एकेका पाकिटाला थोडी तूट चालते, ५०० ग्रॅमला ती १५ ग्रॅम आहे. म्हणजे ४८५ च्या खाली पाकीट गेलं तर पंचाईत. ते किती? नॉर्म.डिस्ट(४८५, ५०२, ४.१६, ट्रू) टाकलंत तर सेलमध्ये २.१९ई-०५ असलं काहीतरी दिसेल. पुष्कळ जण ते २.१९ वाचतात आणि घाबरतात. तो ई उणे ०५ म्हणजे दशांशचिन्ह पाच घरं डावीकडे सरकवा, ०.००००२१९, लाखात दोन पाकिटं. पण या लाखात दोनवर मी तरी विसंबणार नाही, कारण बारा पाकिटांवरून डोंगराचा मधला भाग थोडाफार कळतो, पार टोकाला काय चाललंय ते नाही. मशीनमध्ये एखाद्या वेळी मसाल्याचा गठ्ठा अडकला की पाकीट एकदम २० ग्रॅमनी कमी भरतं आणि ते कुठल्याच घंटेत बसत नाही.

सरासरीचं काय, तर तिथे मात्र ते १.२० कामाला येतं. बाराच पाकिटं म्हणून टी वापरायचा (नमुने थोडे असले की पट्टा जरा रुंद करणारा आकडा, पुढे राहुरीच्या पत्रात त्याची गोष्ट आहे; ११ म्हणजे बारातून एक वजा) : टी.इन्व्ह.२टी(०.०५, ११) = २.२०१, त्याला १.२० ने गुणलं की २.६४. म्हणजे मशीनची खरी सरासरी ९५ टक्के कॉन्फिडन्सने (याचा अर्थ पुढे नाशिकच्या पत्रात) ४९९.४ ते ५०४.६ मध्ये. बघा, खालचं टोक ५०० च्या खाली जातंय. तेव्हा "मशीन ५०० च्या वरच भरतं" असं आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही. अजून तीस-चाळीस पाकिटं वजन करा, वेगवेगळ्या दिवशीची, हॉपर (मशीनचं मसाला ओतायचं नरसाळं) भरलेलं असताना आणि तळाला आलेलं असताना पण, मग हा पट्टा आवळेल.

आणि ५०० च्या खाली शंभरात अडीचच पाकिटं जावीत असं वाटत असेल तर सरासरी किती ठेवायची? अडीच खाली म्हणजे साडेसत्त्याण्णव वर, त्याला सरासरी किती एसडी वर हवी ते नॉर्म.एस.इन्व्ह(०.९७५) सांगतं, १.९६, गुणिले ४.१६ म्हणजे ८.१५. मशीन ५०८ वर न्यावं लागेल, हजार पाकिटांमागे सहा किलो मसाला जास्तीचा. त्यापेक्षा मशीनवाल्याला बोलावून ते ४.१६ कमी करून घेणं स्वस्त पडेल. मसाला काय भावाने जातो ते तुम्हाला माहीत, हिशोब तुम्हीच करा.

प्रश्न : सर, मी एमएस्सी ॲग्रीला आहे. ३६ झाडांची उंची मोजली, सरासरी ७४ सेंमी, एसडी ९. एक्सेलमध्ये कॉन्फिडन्स.नॉर्म(०.९५, ९, ३६) टाकलं तर ०.०९ आलं. म्हणजे ७४ अधिक-उणे ०.०९. गाइड म्हणाले छान प्रिसाइज आलंय, पण रूममेट म्हणते चुकलंय. (राहुरी)

रूममेटचं ऐक. ९ सेंमी इकडेतिकडे होणारी झाडं, त्यातली फक्त ३६ मोजलीस, आणि सरासरी मिलिमीटरपर्यंत कळली? फूटपट्टी लावताना शेंडा वाऱ्याने हलला तरी याच्यापेक्षा जास्त फरक पडतो गं.

झालंय असं की त्या पहिल्या जागी ०.९५ नाही टाकायचं, ०.०५ टाकायचं. फंक्शनचं नाव कॉन्फिडन्स आणि मागतंय अल्फा, म्हणजे चुकायला ठेवलेला भाग, नाव ठेवणाऱ्याने थोडा विचार करायला हवा होता. तू ०.९५ दिलंस म्हणजे शीटला सांगितलंस की मला ५ टक्के कॉन्फिडन्सचा पट्टा दे, त्याने इमानदारीत दिला. ०.०५ टाक, २.९४ येईल. आणि हा पण पूर्ण इंटरव्हल नाही हां, ही अर्धी रुंदी आहे, सरासरीतून वजा आणि सरासरीत मिळवायचं काम तुझं. डेटा ॲनालिसिसमधून डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स काढलंस तर सगळ्यात खाली "कॉन्फिडन्स लेव्हल (९५.० टक्के)" अशी ओळ येते, तिच्यासमोरचा आकडा पण हीच अर्धी रुंदी. त्या ओळीचं नाव वाचून लेव्हल ३.०५ म्हणजे काय असं विचारणारी मुलं मी पाहिलीत.

२.९४ नाही, ३.०५, कारण तिथे टी लागतो. तुझ्या बाबतीत पण कॉन्फिडन्स.टी(०.०५, ९, ३६) हेच वापर, ३.०५ येईल, म्हणजे साधारण ७१ ते ७७ सेंमी. कारण ते ९ तुला वरून कुणी दिलेलं नाही, त्याच ३६ झाडांवरून तूच काढलंयस, त्या ९ मध्ये पण अंदाजच आहे, त्याची भरपाई टी करतो. ३६ ला फरक बारीक पडतो, पाच-सहा झाडं असतील तर दणदणीत पडतो, पाचांना १.९६ च्या जागी २.७८ लागतं.

हा टी आला कुठून माहितीये? डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत गॉसेट नावाचा माणूस होता, बार्ली-हॉप्सचे नमुने हाताशी चार-पाच असायचे आणि तेवढ्यावरून निर्णय घ्यावा लागायचा, तेव्हा १९०८ मध्ये त्याने हे काढलं आणि स्टुडंट या टोपणनावाने छापलं. म्हणून स्टुडंट्स टी. म्हणजे तुमचं शेतीचंच घराणं ते. आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलची कल्पना नेमनची, १९३० च्या दशकातली, त्या नेमनच्या हाताखाली लंडनला शिकलेले आपले साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. पुढे त्यांनी देशात रँडम सॅम्पलिंगने पिकाच्या उताऱ्याचा अंदाज घ्यायच्या पद्धतीवर काम केलं. आज गावागावात पीक कापणी प्रयोग होतात ना, चिठ्ठीने प्लॉट निवडून, त्याच्या मागे हाच विचार आहे. गाइडना हे सांगितलंस तर कदाचित ०.०९ चं वाईट वाटणार नाही.

प्रश्न : नववीच्या ४० मुलांचे गणिताचे मार्क. सरासरी ६१, एसडी १२.५, ९५ टक्के इंटरव्हल ५७ ते ६५ आला. म्हणजे ९५ टक्के मुलं यात हवीत ना? मोजली तर ११ च मुलं ५७ ते ६५ मध्ये आहेत. फॉर्म्युला तीनदा तपासला. (नाशिक)

सर, फॉर्म्युला बरोबर आहे आणि ११ पण बरोबर आहे. किंबहुना दहाच्या आसपासच यायला हवीत : नॉर्म.डिस्ट(६५, ६१, १२.५, ट्रू) मधून नॉर्म.डिस्ट(५७, ६१, १२.५, ट्रू) वजा करा, ०.२५ येतं, चाळीसातली दहा. मुलं कुठे पसरलीत ते विचारायचं तर १२.५ वापरा, ६१ च्या दोन्ही बाजूंना १.९६ पट, म्हणजे साधारण ३६ ते ८५, त्यात बहुतेक सगळी येतील. ५७ ते ६५ हा मुलांचा पट्टा नाहीच, सरासरीचा आहे. कराडच्या ताईंचा आणि तुमचा घोळ एकच, फक्त त्यांचा उलट्या बाजूने झाला.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. सरासरी कशाची? तुम्हाला तुमच्या वर्गाचीच सरासरी हवी असेल तर ती ६१ आहे, चाळीसही मुलांचे मार्क हातात आहेत, अंदाज कशाचा करताय? इंटरव्हलची गरजच नाही. हे चाळीस जण तालुक्यातल्या सगळ्या नववीतून चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर गोष्ट वेगळी. तुमचा वर्ग तसा निवडलेला नसणार, त्यामुळे ५७ ते ६५ वरून तालुक्याबद्दल बोलायला जाऊ नका. शीट हे कधीच विचारत नाही, चाळीस आकडे दिले की पट्टा काढून मोकळं.

मग ९५ चा अर्थ काय, तर तो पुस्तकातून सांगितला की कुणाला पटत नाही, करून बघितला की पटतो. नवीन शीट घ्या. ए१ मध्ये नॉर्म.इन्व्ह(रँड(), ६१, १२.५) टाका, उजवीकडे ४० खाने ओढा, एएन पर्यंत जाईल, म्हणजे झाला एक खोटा वर्ग, ज्याची खरी सरासरी ६१ आहे हे फक्त आपल्याला माहीत. पुढच्या खान्यांत त्याची सरासरी, कॉन्फिडन्स.टी ची अर्धी रुंदी, खालचं टोक, वरचं टोक, आणि एक इफ लावून ६१ मध्ये सापडलं का ते १ किंवा ०. मग ही सगळी ओळ खाली १०० ओळी ओढा आणि शेवटच्या कॉलमची बेरीज घ्या. ९५ च्या आसपास येईल. एफ९ दाबलं की सगळे शंभर वर्ग नव्याने तयार होतात, बेरीज ९३ होते, ९७ होते, कधी ९१ पण होते. प्रत्येक ओळीतला पट्टा वेगळा, ६१ जागच्या जागी. ९५ टक्के हे त्या पद्धतीचं वर्णन आहे, शंभर वेळा केलं तर साधारण पंच्याण्णव वेळा जाळ्यात मासा येतो, तुमच्या हातातल्या एका जाळ्यात आहे की नाही ते कुणी सांगू शकत नाही. नववीच्या मुलांना हे प्रोजेक्टरवर दाखवा, एफ९ दाबायला भांडतात.

प्रश्न : टी.इन्व्ह(०.९५, ११) ला १.७९६ येतं आणि जुन्या फाइलमधल्या टीइन्व्ह(०.०५, ११) ला २.२०१. कोण खरं? (पणजी)

दोन्ही खरी. ठिपकेवालं टी.इन्व्ह डावीकडचं क्षेत्रफळ मागतं, एकाच टोकाचं. बिनठिपक्याचं जुनं टीइन्व्ह ०.०५ दोन टोकांत वाटून घेतं. इंटरव्हलसाठी दोन टोकं लागतात, तेव्हा टी.इन्व्ह.२टी(०.०५, ११) वापरा किंवा टी.इन्व्ह मध्येच ०.९७५ द्या, २.२०१ मिळेल. ठिपकेवाली नावं एक्सेल २०१० पासूनची, जुनी पण चालतात, फाइल दुरुस्त करत बसू नका. फक्त एका फाइलमध्ये दोन्ही मिसळू नका, सहा महिन्यांनी आपलंच आपल्याला कळत नाही.

प्रश्न : माझ्या म्हशींच्या दुधाचं स्लिपवरचं फॅट दहा दिवस मोबाईलवर शीटमध्ये लिहिलं : ६.५, ६.८, ७.०, ६.७, ६.९, ६.६, ७.१, ६.८, ६.७, ६.९. मुलीने सांगितलं तसा ९५ टक्के इंटरव्हल काढला तर ४.६० ते ७.६६ आला. म्हैस ४.६ वर कशी येईल? स्लिपमध्ये काही गडबड आहे का? (पन्हाळा तालुका)

स्लिप ठीक आहे दादा, दहाही आकडे साडेसहा ते सातच्या घरातले आहेत. गडबड शीटमध्ये आहे. तुमचे आकडे मी टाकले तर सरासरी ६.८०, एसडी ०.१८, अर्धी रुंदी ०.१३, म्हणजे इंटरव्हल ६.६७ ते ६.९३. मग तुमचं ४.६० कसं आलं असेल म्हणून दोन-चार खोड्या करून बघितल्या. आठव्या दिवशीच्या ६.८ पुढे टक्क्याचं चिन्ह टाकलं आणि बरोबर ४.६० ते ७.६६ आलं. फॅट आपण बोलताना टक्क्यातच बोलतो, हात सवयीने गेला असणार. पण शीट ६.८ टक्के म्हणजे ०.०६८ धरतं. सेलमध्ये दिसतं ६.८ किंवा ६.८०, शेजारी एक बारकं चिन्ह, मोबाईलच्या स्क्रीनवर नजर त्याच्यावरून घसरून जाते. त्या एका आकड्याने सरासरी ६.१३ वर आली आणि एसडी २ च्या पुढे गेली. (आठव्याच दिवशी झालं असेल असं समजून शोधू नका, चौथ्या दिवशीचं ६.७ बिघडलं असतं तर उत्तर थोडं वेगळं आलं असतं, दोन ६.८ आहेत, दुसरा किंवा आठवा, त्यातलाच एक आहे.)

उलटी चूक पण होते. कुणी "६.८ फॅट" असं अक्षरासकट लिहिलं तर शीट तो शब्द समजतं आणि ॲव्हरेज, एसटीडेव्ह.एस दोन्ही त्याला मुकाट्याने वगळतात. सरासरी ठीकच दिसते, पण तुम्ही फॉर्म्युल्यात संख्या म्हणून हाताने १० लिहिली असेल तर प्रत्यक्षात नऊच आकडे आहेत. म्हणून तिथे कधी १० लिहायचं नाही, काउंट लावायचं, ते फक्त खरे आकडे मोजतं. काउंट ९ आलं की एक कुठेतरी अक्षर होऊन बसलाय, तो आपोआप खान्यात डावीकडे चिकटलेला असतो, बाकीचे उजवीकडे.

आणि म्हशी त्याच, चारा तोच, मग आजचं फॅट कालच्यासारखंच असणार, त्यामुळे हे दहा दिवस दहा वेगळे नमुने धरणं जरा सैलच आहे, ६.६७ ते ६.९३ पेक्षा खरा पट्टा थोडा रुंद असेल. महिनाभराच्या स्लिपा जमवा, त्यात पेंड बदलली त्या दिवसावर खूण करून ठेवा, मग परत लिहा.